काचेवरचं रान, भिंतीवरची गाडी

१८६४ या एका सालात तीन गोष्टी झाल्या. ३० जूनला अब्राहम लिंकनने योसेमिटीची दरी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवली. ती लोकांसाठी राखायची, विकायची नाही, या अटीवर. कार्लटन वॉटकिन्सने १८६१ साली खेचरांवर भल्यामोठ्या काचा लादून नेऊन तिथले जे फोटो काढले होते, त्यांचं वजन या निर्णयामागे होतं. त्याच साली हिंदुस्थान सरकारने जंगलखातं उभं केलं आणि डीट्रिश ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याचा प्रमुख नेमलं. आणि २८ नोव्हेंबरला बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा रूळ गुजरातेतून संजाण, डहाणू, पालघर करत मुंबईत ग्रँट रोडपर्यंत सलग सुरू झाला. एक रान राखलं, दुसऱ्याचा हिशेब ठेवायला माणूस बसवला, तिसऱ्यातून गाडी गेली.

वॉटकिन्सच्या काचांवर ती दरी ओस दिसते, कालच घडवल्यासारखी. त्याआधी दहा वर्षं, १८५१ मध्ये, तिथल्या अहवानीची लोकांना बंदुकांच्या जोरावर हुसकावलं होतं. ही गोष्ट माहीत असली की त्या फोटोंतली शांतता वेगळी वाटू लागते.

*

डहाणूने गाडी मागितली नव्हती आणि गाडीही डहाणूसाठी आली नव्हती. तिला गुजरातचा कापूस मुंबई बंदरात आणायचा होता. कंपनी १८५५ची. पहिला तुकडा १८६०च्या फेब्रुवारीत सुरतेजवळच्या उतराणपासून अंकलेश्वरपर्यंत सुरू झाला. म्हणजे हा रूळ मुंबईहून वर चढलेला नाही, वरून खाली मुंबईकडे उतरलेला आहे. मधली खाड्यांची, ताडांची, सागाची पट्टी ओलांडायची, एवढाच त्याचा इथल्या मुलखाशी संबंध.

रूळ पडत असतानाच अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. गाडी ग्रँट रोडला लागली तेव्हा शेअरबाजाराला ताप चढला होता; १८६५च्या जुलैत तो उतरला आणि बरीच घरं बुडाली. गंमत अशी, की याच यादवीत अँड्र्यू रसेल नावाचा चित्रकार उत्तरेच्या सैन्याच्या रेल्वेचे फोटो काढत होता. युद्ध संपल्यावर त्याने युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी कॅमेरा पश्चिमेला नेला. १० मे १८६९ला प्रॉमन्टरी इथे दोन इंजिनं समोरासमोर उभी राहिली, तो जगभर छापला गेलेला फोटो त्याचाच. बाटल्या उंचावलेले साहेब त्यात लगेच दिसतात. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रूळ आणणारे हजारो चिनी मजूर मात्र शोधत बसावं लागतं.

*

आपल्याकडे रेल्वेचा जुना फोटो म्हटला की घाट. बोरघाटात २५ बोगदे, दरीवरचे उंच दगडी पूल, खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवायचं स्टेशन. कामावर एका वेळी चाळीस हजारांवर माणसं. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार कामावर येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुरं करून दाखवलं. त्या कामाच्या फोटोंचा आल्बमही तिच्याच नावावर आहे. १८६३ मध्ये घाट खुला झाला आणि बघणाऱ्यांना एक नवा देखावा मिळाला: डोंगर आणि त्यावर मात करणारं लोखंड.

डहाणूची बाजू या स्पर्धेत उतरूच शकत नव्हती. इथे बोगदा नाही, चढ नाही. सह्याद्री पूर्वेला लांब उभा. रूळ समुद्राला समांतर, सरळ. अडचण पाण्याची होती. डोंगरातून पश्चिमेला धावत येणाऱ्या नद्या आणि त्यांना भेटायला आत घुसणाऱ्या खाड्या. कंपनीचे सल्लागार इंजिनिअर कर्नल जे. पी. केनेडी यांनी यावर एकच साचा ठरवून टाकला. ओतीव लोखंडाचे, टोकाला स्क्रूसारखे आटे असलेले खांब गाळात फिरवत फिरवत रोवायचे आणि त्यांच्यावर इंग्लंडहून आणलेले साठ साठ फुटांचे, त्रिकोणी जाळीचे गर्डर टाकायचे. नदी कोणतीही असो, माप तेच. रेल्वेच्या लेखी इथे बघण्यासारखं काही असेल तर ते पूल. रान म्हणजे दोन पुलांमधलं अंतर.

*

फोटोची त्या वेळची रीत म्हणजे ओली काच. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ती १८५१ मध्ये जाहीर केली आणि पुढची तीसेक वर्षं तिचंच राज्य होतं.

काच घासूनपुसून लख्ख करायची. तिच्यावर कलोडियन ओतायचं. कलोडियन म्हणजे इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला बंदुकीचा कापूस (इथेही कापूसच!), त्यात आयोडीनचे क्षार. काच एकेका कोपऱ्याकडे कलती करत थर सारखा पसरवायचा, उरलेलं चौथ्या कोपऱ्यातून बाटलीत परत. मग तंबूतल्या अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवून तीन-चार मिनिटं थांबायचं. ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, ओली असतानाच भिंगाचं झाकण काढून सेकंद मोजायचे, ओली असतानाच तंबूत पळत आणून लोहक्षाराचं पाणी एका झोकात तिच्यावरून फिरवायचं. हात थबकला तर चित्रावर कायमची रेघ. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. काच वाळली की फुकट.

हे आता मार्चमध्ये दुपारी डहाणूच्या खाडीकाठी करून बघायचं ठरवा. उन्हाने इथर उडतं, थर पसरायच्या आत धरतो. तंबूत कोंडलेल्या वाफेने डोकं जड होतं. त्यात धुवायला पाणी लागतं, आणि ते गोडंच लागतं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी चांदीच्या क्षारात पडलं की पांढरा साका धरतो आणि सगळं द्रावण जातं. इंजिनाच्या बॉयलरलाही खारं पाणी चालत नाही. तेव्हा फोटोवाला काय आणि आगगाडी काय, दोघांना आधी गावातली गोड्या पाण्याची विहीर शोधावी लागे. पाणी कुणी वाहिलं असेल, ते विचारायला नको. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये पहिल्यांदा हिमालयात फोटो काढायला गेला तेव्हा त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. त्याचं नाव आज लिलावाच्या यादीत ठळक छापतात.

*

ओल्या काचेला निळा रंग तेवढा नीट दिसतो. हिरवा फार थोडा, तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे आभाळ कोरं पांढरं उमटतं. ढग हवेच असतील तर ते दुसऱ्या काचेवरून आणून छापायचे. झाडं काळी. तांबडी माती काळी. वाऱ्याने पान हललं की फांदीच्या जागी नुसती पुसट झाक.

म्हणजे जे यंत्र रानाचं चित्र काढायला नेलं, त्यालाच हिरवं दिसत नव्हतं.

*

त्यात फोटोचा हंगाम कोरडा. पावसात ओल्या काचेचा संसार घेऊन कोण निघणार? पण साग पान गाळून उभा असतो तो उन्हाळ्यात. त्याची सुपाएवढी पानं आणि वरचा पांढरा फुलोरा हे सगळं पावसाळ्याचं. वारली, धोडी, कोकणा या इथल्या आदिवासींचं खरं काम – पेर, आवणी, बेणणी – तेही पावसातलंच. तेव्हा डोंगरातल्या वाटा बंद, नाले भरलेले, साहेबलोक मुंबईत किंवा पुण्यात. उघड्या-बोडक्या सागांचा मुलूख बघून ‘ओसाड’ म्हणणारी माणसं जूनपर्यंत थांबत नसत.

*

रेल्वेच्या जुन्या फोटोंत एक माणूस हमखास असतो. पुलाच्या खांबाशी किंवा कातळाच्या कडेला उभा. धोतर किंवा लंगोटी, हात सरळ, नजर भिंगाकडे नाहीतर खाली. त्याला तिथे उभा केलेला असतो तो खांब किती उंच आहे हे कळावं म्हणून. सेकंद मोजून होईपर्यंत त्याने हलायचं नाही. हलला तर काचेवर भूत उमटतं.

न हलणारा माणूस मोजपट्टी झाला, हलणारा नाहीसा झाला. त्या फोटोंत मधलं काही फारसं सापडत नाही.

*

मुंबईच्या विल्यम जॉन्सनने याच्या उलट केलं. सरकारी कारकुनी सोडून स्टुडिओ थाटलेला हा माणूस. मुंबईतल्या आणि मुंबईत येणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचं त्याचं दोन खंडी पुस्तक १८६३ आणि १८६६ मध्ये निघालं. दुसऱ्या खंडात मराठी मुलखातली माणसं आहेत. त्याने माणसांचे फोटो वेगळे घेतले, मागचा देखावा वेगळा घेतला आणि छापताना दोघांची गाठ घालून दिली. एका काचेवर माणूस, दुसऱ्या काचेवर मुलूख. फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी.

घाटात माणूस पुसून देखावा, स्टुडिओत देखावा चिकटवून माणूस. दोघं एकाच काचेवर आले असते तर विचारावं लागलं असतं, की ही जमीन कुणाची आणि हा इथे काय करतो.

*

बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची. तिच्यात डॉ. भाऊ दाजी होते आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजीही. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिचंद चिंतामण तिथेच शिकले आणि पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. म्हणजे हे यंत्र काही फक्त गोऱ्यांच्या हातात नव्हतं. पण भाऊ दाजींचा जीव शिलालेखांत आणि नाण्यांत; इतरांची गिऱ्हाइकं शहरातली. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये आगगाडीचं कौतुक केलं, तेही शहरात बसूनच. जंगलाकडे कॅमेरा वळवायची गरज आपल्या सुशिक्षितांना वाटली नाही. वाटायचं कारणही नव्हतं. विकत कोण घेणार होतं?

*

लाकडाचं गणित. एका मैलाच्या रुळाला सतराशे ते दोन हजार स्लीपर. हिंदुस्थानच्या हवेत ते आठ-दहा वर्षांत कुजतात, वाळवी खाते, की पुन्हा तितकेच. काही डांबर पाजलेले पाइनचे स्लीपर जहाजाने आले खरे, पण इथला साग टिकाऊ आणि हाताशी. मुंबई इलाख्यात जंगलांवर देखरेखीला अधिकारी नेमला गेला तो बराच आधी, १८४७ मध्ये: अलेक्झांडर गिब्सन. पण जंगलाचा पहिला कायदा १८६५चा, आणि दात असलेला दुसरा १८७८चा. रूळ आधी, कायदा मागोमाग.

ठाणे जिल्ह्यात या कायद्याचा दात रुतला तो राबावर. भाताची दाढ, म्हणजे रोपं, तयार करायला जमिनीवर झाडाच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेत पहिल्या पावसात बी टाकायचं, ही इथली शेती. फांद्या तोडायच्या त्या आसपासच्या रानातून. ते रान आता राखीव. ओरड इतकी झाली की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींसाठी सरकारला १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब हा त्या चौकशीतला मोठा विषय होता. रुळाखाली घालायला सागाचं झाड आडवं केलं तर तो उपयोग, आणि दाढ भाजायला त्याची फांदी छाटली तर ती नासधूस.

या प्रकरणाचं चित्र कसं काढणार? कापलेल्या सागाचा बुंधा फोटोत येतो. न छाटू दिलेली फांदी येत नाही.

*

स्टेशन मल्याणला, जुनं डहाणू गाव आणि किल्ला खाडीकडे, दोन-तीन किलोमीटर बाजूला. गाडीने गाव असं आपल्याकडे ओढून घेतलं. आज बाजार, टेम्पो, बँका, डॉक्टर, सगळं स्टेशनच्या अंगाला.

*

डहाणूचा म्हणून जो निसर्ग आज कॅलेंडरवर आणि रिसॉर्टच्या जाहिरातीत खपतो, तो चिकूच्या वाडीचा. गर्द, एकसारखी, ओळीने उभी झाडं; खाली सावली. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या पट्ट्यात ते लावलं, वाढवलं ते मुख्यतः इराणी आणि पारशी बागायतदारांनी, आणि वाढलं ते गाडीच्या जिवावर. पिकलेला चिकू दोन दिवस दम काढत नाही. झाडावरून काढला की रात्रीत बाजाराकडे निघालाच पाहिजे. मुंबई जवळ, दिल्ली गाडीच्या टप्प्यात. २०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं.

वाडीत बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी लावून फळ उतरवणारा हात बहुधा वारली असतो. तोही फोटोत क्वचितच.

*

चिकूच्या आधी गवत. डहाणू-उंबरगाव भागातल्या गवताळ माळांवरचं गवत पावसानंतर कापायचं, व्यापाऱ्याच्या प्रेसमध्ये दाबून गासड्या बांधायच्या आणि वॅगनने मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. मुंबईला दूध लागतं, म्हशीला गवत लागतं आणि गवत कापायला वेठीचा माणूस लागतो. लग्नासाठी कर्ज काढून त्यापायी नवरा-बायको दोघंही सावकाराच्या दावणीला बांधली जायची. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं आहे.

१९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला इथले काही वारली गेले. २३ मे १९४५ला झरीत, आजच्या तलासरी तालुक्यात, सभा भरली आणि वेठ बंद असा पुकारा झाला. त्याच वर्षी पावसाळा संपताना गवतकापणीची मजुरी वाढवून मागितली गेली आणि संप सुरू झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. संप मात्र टिकला. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामावरही संप झाला.

या लढ्याबद्दल बोलताना रुळाकडे फार कुणी बघत नाही. मला ते बघावंसं वाटतं. माळावर कोयता थांबला की प्रेस थांबते, प्रेस थांबली की वॅगन रिकामी उभी राहते आणि मुंबईच्या तबेल्यात भाव चढतो. ऐंशी वर्षं जो रूळ इथलं सगळं उचलून नेत होता, त्याच रुळामुळे इथल्या माणसाचा नकार थेट मुंबईपर्यंत पोचला.

तलासरी गाव स्वतः रुळापासून आत, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर. १९६० मध्ये उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरी इकडे राहिली. तिथल्या कॉलेजला आज गोदावरी शामराव परुळेकरांचं नाव आहे.

*

गंजाडकडच्या एका पाड्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं कापडावरचं चित्र. साडेतीन-चार फूट लांब. शेण-गेरूचा हात दिलेली तपकिरी जमीन, वर तांदळाच्या पिठाचं पांढरं. आगगाडी डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघते, तळ्याला वळसा घालते, दोन ताडांमधून जाते आणि उजव्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडते. लांब जाताना ती लहान होत नाही. शेवटचा डबा पहिल्याइतकाच. डब्यांची चौकट रेघेरेघेने भरलेली, प्रत्येक खिडकीत दोन त्रिकोणी माणसं. रुळाच्या दोन्ही बाजूंना पाटी घेतलेली बाई, कोंबड्या, ताडाला लोटा बांधणारा, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर, भांडणारे दोन कुत्रे, खाडीत जाळं टाकणारे. रुळाखालचे स्लीपर एकेक करून काढलेले, एकही गाळलेला नाही.

चित्र काढणाऱ्या बाईला मी विचारलं, “ताई, इंजिनात ड्रायव्हर नाही काढला?”

“त्यो कुठं दिसतो? फाटकावरनं गाडी जाते तवा डब्यातलीच माणसं दिसतात.”

भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांच्या हातातली ही रीत. चौकात मध्ये पालघाट देवी, आणि कडेपर्यंत झाडं, जनावरं, माणसं, कामं. मोकळी जागा म्हणून मोकळी सोडत नाहीत. १९७०च्या सुमारास चित्रकार भास्कर कुलकर्णींनी इथल्या लोकांना कागद आणि रंग दिले, आणि कलंबीपाड्याच्या जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांनी बायकांची ही कला भिंतीवरून कागदावर, कापडावर आणि तिथून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नाच्या बंधनातून सुटल्यावर चित्रात आगगाडी आली, सायकल आली, बस आली. पण रिकामा देखावा काही आला नाही. वारली चित्रात क्षितिज नसतं, त्यामुळे लांबचा आणि जवळचा असा भेदच होत नाही; ताडावरचा माणूस डब्यातल्या माणसाएवढाच.

डब्यात बसून काढलेलं चित्र आणि फाटकाशी उभं राहून काढलेलं चित्र. पहिल्याचे आल्बम संग्रहालयांत आहेत. दुसरं यायला शंभरावर वर्षं लागली, आणि मला तेच जास्त खरं वाटतं.

*

खिडकीतून. वाणगाव सोडल्यावर उजव्या हाताला बघत राहावं. जवळचं गवत धावतं, भाताची खाचरं जरा सावकाश सरकतात, मागचे डोंगर जागचे हलत नाहीत. घोलवडच्या बाजूला बारडाचा डोंगर येतो. त्याच्यातल्या बहरोटच्या गुहांत पारशांनी आपला इराणशाह अग्नी मुसलमानी आक्रमणाच्या काळात बारा वर्षं लपवून ठेवला, असं त्यांची परंपरा सांगते. शटलमधल्या रोजच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तो पत्ते खेळत असतो किंवा झोपलेला असतो, आणि ते योग्यच आहे.

उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली ती १६ एप्रिल २०१३ला. पहिल्या बोरीबंदर-ठाणे गाडीला त्याच दिवशी १६० वर्षं झाली होती. तारीख रेल्वेने मुद्दाम साधली असणार.

*

२० जून १९९१ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून त्याच्या देखरेखीला प्राधिकरण बसलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अखेरपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. ते २०१९च्या जानेवारीत गेले. २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने डहाणूच्या किनाऱ्यावरच्या नियोजित वाढवण बंदराला अटी घालून संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ला पंतप्रधानांनी पालघरला भूमिपूजन केलं. बंदर म्हटलं की रूळ आलाच. जुन्या लोहमार्गाशेजारून मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आधीच आलाय. आणि पूर्वेकडून, डहाणू-तलासरीच्या पाड्यांमधून, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन: ५०८ किलोमीटरपैकी सुमारे १५६ महाराष्ट्रात. मार्गावरच्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मोजणी अडवली. पुढे जमिनी गेल्याही.

या कामाची चित्रंही निघतात, आणि ती बघण्यासारखी असतात, हे कबूल. ड्रोन वर जातो. हिरव्या पाटावर खांबांची सरळ ओळ, वर ठेवले जाणारे पांढरे गर्डर, खाली कुठेतरी खेळण्यातली क्रेन, मागे संगीत. केनेडीसाहेबांचे साठ फुटी गर्डर बघून कुणाला जे वाटलं असेल, तेच वाटतं. माणूस मात्र यातही नाही. ओल्या काचेवर तो हलला म्हणून पुसला जायचा, इथे तो उंचावरून ठिपक्याएवढाही उरत नाही. हिरवं तेवढं आता उत्तम दिसतं.

पाड्यावरची पोरंही मोबाइलवर शूट करतात. मोजणीवाले आले की पहिला फोन खिशातून निघतो. हात थरथरतो, चित्र आडवं-उभं होतं, आवाजावर आवाज चढतात, कुणाचा तरी खांदा मध्ये येतो. मग ते गावाच्या ग्रुपवर जातं. कला म्हणून त्यात काही नाही. पण कोण आलं होतं, कुठल्या झाडाखाली उभं राहून काय म्हणालं, बांध कुठवर होता, हे सगळं त्यात आहे; जॉन्सनने कात्रीने वेगळं केलेलं माणूस आणि मुलूख पुन्हा एकाच चौकटीत.

*

कुणी या पट्ट्याचा आल्बम करायचं मनावर घेतलं तर माझ्याकडून एवढी यादी. जुलैमध्ये यावं, डिसेंबरमध्ये नव्हे. रुळाच्या पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे बघावं, म्हणजे गाडी मधून जाईल आणि दोन्हीकडचं दिसेल. विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा सुळका सगळेच काढतात. चैत्री पुनवेनंतर पंधरा दिवस खाली भरणारी जत्रा काढावी, तिथल्या सुक्या मासळीच्या ढिगांसकट. कोसबाडची टेकडी घ्यावी, जिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. दाढ भाजल्यावरची काळी जमीन घ्यावी. ड्रोन घरी ठेवावा.

आणि फाटक घ्यावं. गाडी जाईपर्यंत टेम्पो, सायकली, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, शाळेची पोरं, सगळी एका जागी थांबलेली असतात. ओल्या काचेलाही पुरला असता एवढा वेळ. पण हे लवकर करायला हवं. मालगाड्यांच्या नव्या मार्गापायी एकेक फाटक बंद होतंय, वरून पूल येतोय, आणि पुलावर थांबलं तर मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतो.